पद्मिनीला रुंद टायर की सडपातळ रेडियल?

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, तिचे मूळचे ५.२०-१४ मापाचे जुन्या पद्धतीचे नायलॉन टायर काढायचे ठरवले की गोव्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, सहा इंच रुंद अलॉय रिमवर १८५/६० आर१४ चढव (१८५ ही मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी, ६० ही रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची, १४ हा इंचात रिमचा व्यास). दुसरा, मूळ लोखंडी रिम ठेव आणि १५५/८० आर१४ रेडियल, म्हणजे आजच्या पद्धतीचे सडपातळ टायर घाल. मी माझ्या गाडीवर दोन्ही चालवले आहेत.

दिसायला रुंद टायरच सरस, यात वाद नाही. मागून पाहिलं की गाडी जमिनीला घट्ट धरून उभी वाटते. कोरड्या रस्त्यावर वळणात पकडही जास्त जाणवते. मात्र अनमोड घाट उतरताना तापतात ते ड्रम ब्रेक, आणि टायर रुंद केल्याने ते थंड होत नाहीत.

माझा निर्णय झाला तो स्टीअरिंगमुळे. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गाडी लावायची म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे. पॉवर स्टीअरिंग नाही. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे डावा हात रिव्हर्स शोधण्यात गुंतलेला. अशा वेळी १८५ चे टायर जागच्या जागी एका हाताने वळवायचे! खांदा भरून येतो आणि मागे हॉर्न वाजायला लागतात. त्यात पूर्ण वळवलं की आतून खर्रर्र असा घासण्याचा आवाज. बाहेर काढलेल्या ऑफसेटच्या, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला सरकवणाऱ्या रिमला तर मागेही हाच त्रास: जत्रेला चार माणसं बसली की मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात आणि टायर मडगार्डच्या कडेला लागतो. कड ठोकून आत वळवून देणारे आहेत, पण इतक्या वर्षांचा पत्रा ठोकायला माझं मन धजत नाही.

१५५ वर हे काहीच नाही. स्टीअरिंग नायलॉनपेक्षा थोडं जड वाटतं, पण सवय होते. बाहेरचा व्यास जवळपास मूळचाच राहतो. १८५/६० चा अडीच-तीन सेंटिमीटरने कमी भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर जास्त दाखवतो आणि गाडी दीडेक सेंटिमीटर खाली बसते. आमच्या गावातले गतिरोधक पाहता तेवढंही मला महाग वाटतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अरुंद टायर पाणी कापत सरळ जातो, रुंद टायर तरंगल्यासारखा होतो, निदान माझ्या हाताला तरी तसं जाणवलं.

गाडी मुख्यतः महामार्गावर किंवा रॅलीला काढणार असाल आणि नीट ऑफसेटची रिम मिळत असेल, तर रुंद टायरही वाईट नाहीत. रोज गावातून फिरवायची असेल तर मी १५५ च सुचवीन, आणि चकचकीत व्हील कॅपही जागच्या जागी राहते. घ्याल तेव्हा स्टेपनीसकट पाचही घ्या, नायलॉन आणि रेडियल एकत्र चालवू नका. टायर चढवण्याआधी रिमच्या आतल्या कडेचा गंज घासून घ्यायला सांगा. आपल्या खाऱ्या हवेत ट्यूब तिथेच कापते.