घरशाळा: दुसरं वर्ष चालू असतानाचा अनुभव (दत्तक लेक, ख्रिस्ती घर, नगर)

घरशाळेबद्दल (म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं) मराठीत जे वाचायला मिळतं ते एकतर पुण्या-मुंबईच्या, दोघंही आयटीत असलेल्या घरांचं असतं, नाहीतर पहिल्या महिन्यातल्या उत्साहात लिहिलेलं. पहिल्या महिन्यात कुठलाही मिक्सर चांगलाच चालतो हो. आमचं आता दुसरं वर्ष चालू आहे, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

आम्ही नगरचे (कागदावर आता अहिल्यानगर). नवरा एमआयडीसीत शिफ्टला, मी घरून दोन-चार दुकानदारांची जीएसटीची रिटर्न भरते, सासरे निवृत्त मुख्याध्यापक आणि लेक आठ वर्षांची. ती आमच्याकडे आली तेव्हा साडेपाचची होती, कारामधून (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा), विदर्भातल्या एका संस्थेतून. तान्हं बाळ घरी येणं आणि साडेपाच वर्षांचं, स्वतःची मतं असलेलं माणूस घरी येणं यात फार फरक आहे, आणि पुढचं सगळं त्या फरकामुळेच आहे, त्यामुळे जन्मापासून घरात असलेल्या मुलांना यातलं किती लागू पडेल ते तुमचं तुम्ही बघा.

आधी शाळेत घातलंच होतं, पहिलीला. शाळा वाईट नव्हती. पण पहिल्याच सहामाहीत वहीत चिठ्ठी आली की फॅमिली ट्री काढून आणा आणि बाळ असतानाचा फोटो चिकटवा, आणि तिचा सगळ्यात जुना फोटो संस्थेच्या फाइलमधला, त्यात ती अडीच-तीन वर्षांची आहे. बाईंना सांगितलं तर त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि मग वर्गात तिच्याशी इतकं जपून वागायला लागल्या की बाकीच्या पोरांच्याही लक्षात आलं. तरी तेवढ्यासाठी काढली नसती. रोज रात्री झोपताना ती एकच विचारायची, "उद्या ड्युटी कोनाची हाय?" संस्थेत सांभाळणाऱ्या मावश्यांच्या पाळ्या बदलायच्या, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, आणि मलाही ती कितीतरी दिवस मावशीच म्हणायची. शाळेत सोडलं की तिच्या हिशोबात माझी पाळी संपायची. दुपारी न्यायला गेले की दोन तास बोलायची नाही, मग एकदम रडारड. नवऱ्याला म्हटलं, हिची आपल्याकडची पहिली पाच वर्षं राहून गेलीत, ती आधी भरून काढू, अभ्यास कुठे पळून जातोय.

सगळ्यात जास्त विरोध झाला तो सासऱ्यांचा, आणि तो सांगितल्याशिवाय आमचं घर कळणार नाही. नगरच्या ख्रिस्ती माणसाला शाळा म्हणजे काय हे बाहेरच्यांना पटकन उमगत नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं आणि चर्चच्या बरोबरीने शाळा आणि बोर्डिंग उभी राहिली. त्या मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे प्रशिक्षणाला आल्या होत्या असं आमच्याकडे प्रत्येक शिक्षक अभिमानाने सांगतो. सासऱ्यांची आजी १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गेलेली पोर, मिशनच्या बोर्डिंगात वाढली, तिथेच शिकली, पुढे मास्तरीण झाली. त्यामुळे मी विषय काढल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शाळेमुळे आपण माणसात आलो आणि तू पोरीला शाळेतून काढतेस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाहीये. अमेरिकेत बरीच ख्रिस्ती घरं सरकारी शाळेपासून मुलांना लांब ठेवायचं म्हणून घरी शिकवतात, आपल्याकडे गाडी बरोबर उलट्या दिशेने आलेली आहे.

आता साहित्याचं सांगते. सुरुवातीला एका ओळखीच्यांनी अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाच्या पीडीएफ दिल्या होत्या, रोजचा पाठ, रोजची प्रार्थना, सगळं आखून दिलेलं. दिसायला फार सुंदर. पण गणितात सेंट आणि डाइम, विज्ञानात बर्फ आणि मेपलची पानं, आणि आमची पोर वऱ्हाडी बोलणारी, तिला नगरची मराठीच अर्धी नवीन. एका महिन्यात गुंडाळून ठेवलं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ती घ्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी प्रिंट मारून स्पायरल करून घ्या. वाचनासाठी 'किशोर' मासिकाचे जुने अंक, तेही ऑनलाइन मोफत आहेत, १९७१ पासूनचे, जुनी चित्रं तर काय एकेक. गणितात २०१९ ला गाजलेलं, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातलं ते 'वीस एक, वीस दोन' (एकवीस, बावीसऐवजी) आठवतं ना, ज्यावर सगळ्यांनी विनोद केले, मीही हसले होते, तर आमच्या लेकीला संख्या त्यानेच कळल्या. सत्त्याण्णव आणि एकोणऐंशीमध्ये ती वर्षभर गोंधळत होती, नव्वद सात म्हटल्यावर लगेच लिहिलं. आता दोन्ही म्हणते.

वेळापत्रकाचं मात्र ठासून सांगते. घरशाळावाल्यांमध्ये एक मोठा गट आहे जो म्हणतो मुलाला मोकळं सोडा, त्याला हवं तेव्हा ते शिकेल. शिकत असेल. पण संस्थेतून आलेलं मूल घंटेवर वाढलेलं असतं, त्याला मोकळी दुपार दिली की त्याला भीती वाटते. आमची लेक रिकाम्या वेळात दाराशी जाऊन उभी राहायची. आमच्याकडे कामी आली ती संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना. साडेसात वाजले की सासरे पेटी काढतात, एक गीत, एक शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने एक-एक वाक्याची प्रार्थना, मग प्रभूची प्रार्थना, मग जेवण. क्रम कधी बदलत नाही, लाइट गेली तरी, पाहुणे आले तरी. माझ्या लग्नापासून या घरात हे चाललंय आणि इतकी वर्षं मला त्याचा कंटाळाच यायचा, कधी एकदा आमेन म्हणतायत असं व्हायचं. तिला मात्र तो क्रमच आवडला. पेटी कापडातून काढायचं आणि परत गुंडाळायचं काम तिने आपणहून घेतलं, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. मग आम्ही अख्खा दिवस त्याच पद्धतीने आखला, सकाळी स्तोत्र, मग भाषा, मग गणित, मग अंगण. बाकी श्रद्धेचं काय ते देव बघेल, पण नुसतं वेळापत्रक म्हणूनही या प्रार्थनेला मी पैकीच्या पैकी देईन.

सासरे विरोधात होते म्हटलं ना, तर दोनेक महिन्यांनी त्यांना पोरीचं वाचन बघवेना आणि स्वतःच बसले तिला घेऊन. जुन्या पद्धतीचे मास्तर, पाठ्यपुस्तक बाजूला आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर. मला वाटलं जड जाईल. पण दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर नावाचा राजा आहे, ते नाव तिने एक-एक अक्षर फोडून, आठवडाभर लागून, वाचलं, आणि ज्या दिवशी जमलं त्या दिवशी दूधवाल्यापासून सगळ्यांना म्हणून दाखवलं. त्यानंतर 'राष्ट्रीयीकृत बँक' वगैरे पाट्या किरकोळ वाटायला लागल्या. जोडाक्षरांसाठी याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

श्रद्धेच्या बाबतीत एक गोष्ट जपून करावी लागते. चर्चमध्ये लोक फार प्रेमाने बोलतात, 'केवढं पुण्याचं काम केलंत', 'देवाने हिला वाचवलं', आणि ती शेजारीच उभी असते. एकदा तर साक्ष द्यायला (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला) बोलावलं, मुलीला घेऊन पुढे या म्हणून. नाही म्हटलं. तिची गोष्ट तिची आहे, तिला वाटलं तर पंचविशीत सांगेल. मुलाने आयुष्यभर आभारी राहावं अशी अपेक्षा देवाच्या नावाने तर अजिबात ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. दत्तकाच्या गोष्टी शास्त्रात भरपूर आहेत, मोशे आहे, मर्दखयने वाढवलेली एस्तेर आहे, योसेफ आणि येशूचं तर आहेच, पण त्या ठरवून सांगू नयेत, वाचनाच्या ओघात आल्या की येऊ द्याव्यात. मोशेची आली तेव्हा सासरे नेहमीप्रमाणे टोपली, लव्हाळे, राजकन्या असं रंगवून सांगत होते. राजकन्येने बाळाला पाजायला म्हणून नेमकी त्याच्या आईलाच पगारावर ठेवलं इथपर्यंत आले, तर ही म्हणाली, "मंग मोशेच्या मायले पगार भेटला?" हो म्हणाले. जरा वेळाने, "आनि तिले माहीत होतं तो कुठी ऱ्हायते?" हो म्हणाले सासरे. त्यावर ही म्हणे, "मंग बरं हाय तिचं." आणि गेली पेटी गुंडाळायला. कुठल्याही रेडिमेड पाठात 'मुलांशी चर्चा करा' म्हणून जे प्रश्न दिलेले असतात त्यात हे असणार नाही. त्या रात्री तिच्या प्रार्थनेच्या वाक्यात पहिल्यांदा संस्थेतल्या एका मावशीचं नाव आलं, आता रोज असतं, आमच्या नावांच्या आधी. असू दे.

अजून एक, कायद्याचं, कारण बऱ्याच ख्रिस्ती घरांत अजून गैरसमज आहेत. आमच्या आत्यांनी (सासऱ्यांची बहीण) १९८० च्या सुमारास एक मुलगा वाढवला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांसाठी, ख्रिस्त्यांना १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, म्हणजे कागदावर आत्या त्याच्या आई कधी झाल्याच नाहीत, तो सज्ञान झाला आणि तेही संपलं. बाल न्याय कायद्याने हे बदललं, कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तेही स्पष्ट केलं. आमच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर आमची नावं आहेत. तो दाखला आला तेव्हा आत्यांनी तो कितीतरी वेळ हातात धरला आणि मग लॅमिनेट करू नका, सरकारी कामाला चालत नाही, एवढंच म्हणाल्या.

आता वाईट बाजू. मैत्रिणी नाहीत. हे लपवून काही उपयोग नाही. संडे स्कूल आणि मे महिन्यातली सुट्टीची बायबल शाळा, तेवढंच काय ते तिच्या वयाचं जग, आणि तिथल्या पोरी आपापल्या शाळेचं बोलायला लागल्या की ही गप्प. गल्लीतली पोरं सहाशिवाय मोकळी होत नाहीत, क्लास असतात. गणित अजून वयाच्या मागे आहे. आणि मी. जीएसटीची तारीख जवळ आली की माझा आवाज चढतो, मग ती लगेच इतकी शहाण्यासारखी वागायला लागते की मला स्वतःची लाज वाटते. शाळा म्हणजे आईलाही पाच तासांची सुट्टी असते हे कोणी सांगत नाही. एकटीने करायचं असेल तर माझा सल्ला, करू नका. आमच्याकडे सासरे आहेत म्हणून निभतंय.

कागदपत्रांचं थोडक्यात. दत्तक दिल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो, समाजसेविका ताईंनी 'शाळेत का नाही' हे विचारलंच आणि त्यांना वह्या, वेळापत्रक, फोटो सगळं दाखवावं लागलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून तारखा टाकून वह्या ठेवा. आरटीईमध्ये (शिक्षणहक्क कायदा) मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पालकांना दंड वगैरे नाही, पण घरशाळेला वेगळी मान्यताही नाही, हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या. त्याच कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेश द्यावा असंही आहे, म्हणजे परतीचा रस्ता उघडा आहे. परीक्षेसाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी, आठवी आहे, पाचवीला १० वर्षं पूर्ण लागतात. एनआयओएसमध्ये (केंद्राचं मुक्त विद्यालय) तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या अ, ब, क पातळ्या आहेत आणि दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते.

खर्च म्हणाल तर प्रिंट, वह्या, मण्यांची माळ, नकाशे, पृथ्वीचा गोल, सगळं मिळून शाळेच्या एका टर्मच्या फीच्या आत. पण माझी गेलेली कामं धरली तर अजिबात स्वस्त नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. उशिरा घरी आलेल्या मुलासाठी पहिली दोन-तीन वर्षं म्हणून साडेचार, कायमची सोय म्हणून दोन. 'ड्युटी कोणाची' हे विचारणं बंद झालंय, कधी बंद झालं तेही आम्हाला कळलं नाही, मध्येच एकदा नवऱ्याच्या लक्षात आलं. पुढच्या जूनचं आमचं काही ठरलेलं नाही. सासरे मराठी शाळेचा प्रवेश अर्ज आणून बसलेत, नवरा म्हणतो अजून एक वर्ष थांबू, मी आठवड्याला मत बदलते. लेकीला विचारलं तर तिला शाळा नकोय पण युनिफॉर्म हवाय, टाय आणि बेल्टसकट. तो आत्या शिवून देणार आहेत, माप घेऊन झालंय.