पावसाळ्यासाठी एकच गेम घ्यायचा झाला तर

हर्णै बंदरात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि एरवी संध्याकाळी पुळणीवर भरणारा माशांचा लिलावही थांबलेला असतो. याच दिवसांत आमच्या आतेबहिणीच्या मुलाने विचारले, "मामा, एकच गेम घेऊन देणार असलात तर कुठला घ्यायचा?" मुलगा दहावी झालेला, बहिणीचा जुना लॅपटॉप त्याच्या वाट्याला आलेला, त्याची बॅटरी पार बसलेली, म्हणजे लाईट गेली की पडदा काळा, आणि इंटरनेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबी. त्याला दिलेले उत्तर इथे जरा सविस्तर मांडतो, कारण कोकणात अशा अवस्थेतला तो एकटा नाही.

विचार केला तो फक्त स्वतंत्र गेमचा, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय एकट्याने किंवा चार-दहा जणांनी केलेल्या गेमचा. ते स्वस्त असतात आणि बहुतेक जुन्या यंत्रावरही चालतात. अडचण निवडीची आहे. जून २०१७ पासून स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरले की कोणालाही आपला गेम विक्रीला ठेवता येतो, त्यामुळे ढिगातून चांगले शोधणे हे वेगळेच काम होऊन बसले आहे. तिथल्या अभिप्रायांची टक्केवारीही जपून वाचावी लागते. ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांनी अंगठा वर केला, इतकेच. त्यांना गेम किती आवडला हे त्यातून कळत नाही, आणि आपल्याला तो सोसेल का हे तर मुळीच कळत नाही. म्हणून मी टक्केवारी बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहिल्या: गेम मध्येच सोडून उठावे लागले तर काय गमवावे लागते, आणि तो उतरवून घ्यायला डेटा किती लागतो.

पहिली तुलना शेतीची आणि मासेमारीची. 'स्टारड्यू व्हॅली' हा एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून केलेला गेम २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. चित्रे, संगीत, संवाद सगळे त्याचेच. आजोबांची पडीक जमीन मिळते, ती साफ करायची, पेरायची, पाणी घालायचे, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि ऋतू बदलला की उभे पीक एका रात्रीत वाळून जाते. ज्याने पहिल्या वर्षी २६ तारखेला नवे बी पेरले, त्याला हे कायमचे लक्षात राहते. मला राहिले आहे. गेम मावतो अवघ्या ५०० एमबीत. मात्र संगणकावर तो जतन होतो फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर. गेममधला एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण १४ मिनिटांचा असतो, म्हणजे लाईट गेली तर जास्तीत जास्त तेवढे नुकसान. ऐकायला ते किरकोळ वाटते. मागच्या जुलैत मी खाणीत बरेच खाली उतरलो होतो, पोतडी खनिजांनी भरली होती, घराकडे परतायच्या वाटेवर होतो आणि गावची लाईट गेली. त्या १४ मिनिटांची हळहळ रात्री जेवतानाही गेली नव्हती.

'ड्रेज' न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सने ३० मार्च २०२३ रोजी आणला. यात तुम्ही एका लहान बोटीचे मालक. दिवसा मासे पकडायचे, गावात विकायचे, कर्ज फेडायचे आणि रात्र पडण्याआधी धक्क्याला लागायचे, कारण अंधारात आणि धुक्यात समुद्र वेगळाच वागू लागतो. खरी गंमत बोटीच्या पोटात आहे. तिथली जागा चौकटींची असते, प्रत्येक माशाचा आकार निराळा असतो आणि तो फिरवून, उलटा करून बसवावा लागतो. इंजीन, दिवे, जाळी यांनाही त्याच बोटीत जागा द्यावी लागते. बोट खडकावर आपटली की चौकटी निकामी होतात आणि तिथला मासा जातो. पकडलेला मासा फार वेळ ठेवला तर शिळा होतो, मग भाव पडतो. यातले बांगडा, म्हाकूल आणि लेप आमच्या ओळखीचे, जरी जात दुसऱ्या समुद्रातली असली तरी. घड्याळ पुढे सरकते ते बोट चालते किंवा मासेमारी होते तेव्हाच. बोट थांबवून नकाशा पाहत बसलात तर वेळही थांबलेला असतो, हा विचार मला फार शहाणा वाटला. बोट धक्क्याला लागली की गेम आपोआप जतन होतो. दहा-बारा तासांत कथा पूर्ण होते.

दोन्हींत निवडायचे तर ज्याला दोन महिने पुरवून खेळायचे आहे त्याने शेती घ्यावी, आणि ज्याला एका पावसाळी आठवड्यात संपणारी, थोडी भीती घालणारी गोष्ट हवी त्याने बोट घ्यावी. माझा कल बोटीकडे आहे, हे लपवत नाही. स्टारड्यूतले काम तिसऱ्या वर्षापासून हिशेबनिसाचे होत जाते.

उड्या मारण्याच्या प्रकारात 'सेलेस्ट' आणि 'हॉलो नाइट' यांची नावे बहुधा एका दमात घेतली जातात, तरी दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांचा 'सेलेस्ट' (२५ जानेवारी २०१८) ही मॅडलिन नावाच्या मुलीची डोंगरचढाई. एकेक पडदा म्हणजे एकेक छोटी चढण. पडलात तर त्याच पडद्याच्या सुरुवातीला लगेच उभे राहता, ओरडा नाही आणि दंडही नाही. ज्याला बोटांची चपळाई जमत नाही त्याच्यासाठी साहाय्याची सोय आहे, तीत गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. उलट ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा 'हॉलो नाइट' (२४ फेब्रुवारी २०१७) हे किड्यांचे एक प्रचंड पडके राज्य आहे. नकाशाही आधी विकत घ्यावा लागतो. मेलात की जवळची सगळी नाणी मेल्या जागी राहतात आणि ती आणायला पुन्हा तिथेच जावे लागते. गेम सोडून परत आलात तर शेवटी ज्या बाकावर बसला होतात तिथून सुरुवात. शोधण्याची हौस असेल त्याला चाळीस तास पुरेल एवढा ऐवज त्यात आहे. पण तो ९ जीबी मागतो, म्हणजे आमच्या भाच्याचा सहा दिवसांचा डेटा, आणि तोही घरात कोणी क्रिकेट पाहिले नाही तर. सेलेस्टला सव्वा जीबीच्या आत भागते. 'हॉलो नाइट'चा पुढचा भाग म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'सिल्कसाँग'पासून सुरुवात करू नये. तो पहिला भाग पचवलेल्यांसाठीच आहे.

डोके चालवण्याचा प्रकार हवा असेल तर 'बलाट्रो' आणि 'इनटू द ब्रीच'. पहिला फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, एकट्याने केलेला आणि फक्त १५० एमबीचा. पोकरचे हात लावून गुण जमवायचे आणि १५० जोकरांपैकी हाती लागतील त्यांच्या जोरावर ते गुण कैक पट वाढवायचे. यात खरे पैसे लावायचे नसतात, तरी पडद्यावर पत्ते दिसले की घरातली वडीलधारी माणसे काय म्हणतील हे ज्याचे त्याने पाहावे. युरोपातल्या पेगी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेलाही तोच प्रश्न पडला होता. आधी तिने या गेमला १८ वर्षांची अट घातली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १२ वर आणली. 'इनटू द ब्रीच' आठ बाय आठच्या पटावर चालतो आणि शत्रू पुढची चाल आधीच दाखवतो. दोन्ही अर्धवट सोडता येतात. व्यसन मात्र पहिल्याचे लागते.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'ला जोड सापडत नाही. लुकास पोप यांचा हा गेम १८ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. साल १८०७, बेपत्ता झालेले जहाज एकही जिवंत माणूस नसताना परत येते, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने विम्याचा तपास करायला तुम्ही त्यावर चढता. हाती एक घड्याळ. मृतदेहाजवळ ते उघडले की त्या माणसाचे शेवटचे क्षण ऐकू येतात आणि मग मृत्यूचा एक गोठलेला क्षण समोर उभा राहतो, त्यात फिरून पाहायचे. ६० जणांची नावे आणि त्यांचे काय झाले हे वहीत लिहायचे. तिघांचे बरोबर आले की गेम त्यावर शिक्का मारतो, त्यामुळे नुसत्या अंदाजाने फार पुढे जाता येत नाही. कोण कोणाशी कोणत्या ढंगाने बोलतो, झोळीवर कोणता क्रमांक आहे, असल्या खुणांवरून माणूस ओळखायचा असतो. बोलण्यावरून समोरचा दाभोळचा की जयगडचा हे सांगणारी माणसे आपल्याकडे आहेत, त्यांना हे जमेल. सुवर्णदुर्ग समोर दिसत असताना कंपनीच्या बाजूने तपास करायला थोडे विचित्र वाटते. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो किल्ला कंपनीच्याच आरमाराने घेतला होता. असो. अट एकच, इंग्रजी ऐकून आणि वाचून समजायला हवे. आणि हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो.

आपल्याकडचे म्हणून दोन गेम भाच्याला दाखवले. 'राजी' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. देखावे आणि भिंतींवरची नक्षी डोळ्यांत भरते, मारामारी मात्र थोड्या वेळाने तीच ती वाटते. टोरांटोत केलेला 'वेनबा' (३१ जुलै २०२३) कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा. आईच्या हातची पाककृतींची वही फाटकी आणि पुसट झालेली आहे, त्यामुळे उरलेली कृती आपणच जुळवायची. पहिलेच कोडे इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल हे आहे. माझ्या आईने ते माझ्याआधी सोडवले. गेम दीड तासात संपतो, म्हणून किंमत पाहूनच घ्यावा.

घेण्याआधी पारखण्याचे मार्ग दोन. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा भरतो आणि त्यात येऊ घातलेल्या गेमचे नमुने फुकट खेळता येतात. शिवाय खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास पुरे होण्याआधी गेम परत करता येतो. वेनबासारखा गेम पूर्ण संपवून पैसे मागणे नियमात बसते; मनाला पटते का ते ज्याचे त्याने ठरवावे.

भाच्याला मी ड्रेज सुचवला. तो म्हणाला, "वर्षभर घरात मासे, आता गेममध्ये पण मासेच?" आणि त्याने स्टारड्यू घेतला. पहिल्या दिवशी त्याने गावच्या मेयरने दिलेले पार्स्निप या गाजरासारख्या कंदाचे १५ दाणे नीट ओळीत पेरले. दुसऱ्या सकाळी विली नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचे पत्र आले, की समुद्रावर ये, तुला गळ द्यायचा आहे.