केळफूल: डब्यातलं, गोठवलेलं आणि ताजं

केळफूल आवडतं, पण निवडत बसायला वेळ नाही, अशांसाठी बाजारात दोन तयार प्रकार मिळतात: मिठाच्या पाण्यातलं डबाबंद केळफूल आणि चिरून गोठवलेलं केळफूल. दोन्हींच्या वेष्टनावर ‘ताज्याइतकंच’ असा सूर असतो, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. डब्यातलं केळफूल तळणीला ताज्यापेक्षाही सरस आहे, भाजीला मात्र घेऊ नये. गोठवलेलं भाजीला चालतं, पण ते निवडणाऱ्याने किती काळजीने निवडलं यावर सगळं अवलंबून.

आधी डबा. घटकांत केळफूल, पाणी, मीठ आणि सायट्रिक ॲसिड एवढंच असावं. डब्यावर दोन वजनं छापलेली असतात. त्यातलं निथळलेलं वजन बघायचं, कारण बाकीचं सगळं खारं पाणी. आत फुलाचा कोवळा गाभा उभा चिरून भरलेला असतो. डबा बंद करताना दिलेल्या उष्णतेने तुरटपणा बराचसा पाण्यात उतरतो आणि धागे मऊ होतात, पण पापुद्रे एकमेकांना धरून राहतात. शिजल्यावर ते पदर सुटे होतात. मासे न खाणारे तळलेल्या माशाच्या जागी डब्यातलं केळफूल वापरतात ते या पदरांसाठीच. प्रथिनांच्या बाबतीत मात्र माशाशी बरोबरी नाही: केळफुलात 100 ग्रॅमला जेमतेम 2 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

डबा उघडून थेट पिठात बुडवलं की हमखास बिघडतं. पाणी ओतून द्या, तुकडे दोनदा धुवा, साध्या पाण्यात 30 मिनिटं ठेवा, एकदा पाणी बदला. मग एकेक तुकडा दोन तळव्यांत दाबून पिळा आणि कोरड्या फडक्यावर पसरा. पिळताना मुरगाळू नका, पदर तुटतात. आत पाणी राहिलं तर तेलात त्याची वाफ होते आणि वरचं आवरण फुगून सुटं होतं. म्हणून ओल्या पिठाआधी तुकडे कोरड्या मैद्यात घोळवणं टाळू नये. आवरणासाठी 100 ग्रॅम मैदा, 2 मोठे चमचे तांदळाचं पीठ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि 150 मिली गार पाणी. पिठात मीठ चिमूटभरच, कारण कितीही धुतलं तरी तुकड्यात खारटपणा उरतोच. तेल 180 अंशांवर, साधारण 4 मिनिटं, एका वेळी थोडेच तुकडे. समुद्राचा वास हवा असेल तर कोरड्या मैद्यात समुद्री शेवाळाची पूड मिसळा.

हेच तुकडे चिरून फोडणीला टाकले तर आंबूस, मऊ, चवहीन लगदा हाती लागतो. केळफुलाच्या भाजीला जो किंचित तुरट, मातकट कस असतो तो डब्याच्या पाण्यात निघून गेलेला असतो, आणि कोणताही मसाला तो परत आणत नाही.

गोठवलेल्या पाकिटाची परीक्षा वेगळी. केळफुलातल्या प्रत्येक छोट्या फुलातून दोन गोष्टी काढून टाकायच्या असतात: टोकाला गाठ असलेली, काडेपेटीतल्या काडीसारखी ताठ काडी आणि बुडाशी चिकटलेला छोटा पारदर्शक पापुद्रा. दोन्ही कितीही शिजवली तरी मऊ होत नाहीत. यंत्राने सरसकट चिरलेल्या मालात त्या तशाच राहतात आणि तुकडे झाल्यावर वेचणं अशक्य. पाकिटातला मूठभर माल उकळून बोटांनी चाचपा. कडक तुकडे लागले तर ते उत्पादन पुन्हा घेऊ नये. करडा रंग मात्र चिंतेचा नाही, चिरल्यावर हवेशी संबंध आला की केळफूल काळवंडतंच. पाकिटात बर्फाचे मोठे खडे असतील तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता मोठी. वापरताना वितळवत बसू नका. गोठल्याने पेशी फुटलेल्या असतात, सावकाश वितळल्या की सगळं पाणी सुटून नुसता चोथा उरतो. मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात थेट टाका, 5 मिनिटांनी निथळा, पिळा, फोडणीला घाला.

आणि ताजं. वेळ लागतो हे खरं, पण तुरटपणा किती ठेवायचा हे आपल्या हाती राहतं, आणि भाजीत सगळी गंमत तीच आहे. घट्ट मिटलेलं, हाताला जड, देठाचा काप ओलसर असलेलं फूल घ्यावं. हाताला आणि सुरीला तेल लावा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. एकेक जांभळं आवरण उचलून खालची फणी, म्हणजे छोट्या फुलांची रांग, काढा. फुलांची टोकं तळव्यावर चोळली की ती उमलतात, काड्या वर येतात आणि पाच-सहा एकदम ओढता येतात. पुढे आवरणं पांढरट-पिवळी होऊन सुटेनाशी झाली की थांबा: तिथून आतला गाभा न निवडता अख्खा चिरायचा. बरेच जण इथेही फुलं सोडवत बसतात आणि सगळ्यात कोवळा भाग वाया घालवतात.

चिरता चिरता लगेच 1 लिटर पाणी, 1 वाटी आंबट ताक आणि 1 छोटा चमचा मीठ अशा मिश्रणात टाका. वर ताटली दाबून ठेवा, तरंगणारे तुकडे काळे पडतात. आंबटपणाने काळवंडणं मंदावतं. शिवाय तुरटपणा देणारी टॅनिनं प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे ती ताकातच अडकतात आणि जिभेपर्यंत कमी पोहोचतात. नुसत्या मिठाच्या पाण्याला हे जमत नाही. कोवळ्या गाभ्याला अर्धा तास पुरे. बाहेरच्या फण्या रात्रभर ठेवाव्यात, म्हणून दोन्ही वेगळ्या भांड्यांत भिजवणं उत्तम. नंतर पिळून, ताज्या पाण्यात हळद-मीठ घालून 8 ते 10 मिनिटं उकळा आणि ते पाणी फेका. कुकरच्या नादी लागू नये, एका शिट्टीच्या फरकाने लगदा होतो. लोखंडी कढईही नको: टॅनिन आणि लोह एकत्र आले की भाजी शाईसारखी काळी होते. भिजवलेले हरभरे किंवा ओलं खोबरं घातलं तर उरलेली तुरट धार बोथट होते.

घाईच्या दिवसासाठी कपाटात एखादा डबा जरूर असावा, तळणीपुरता. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा घेऊ नका. उघडल्यावर उरलेले तुकडे त्याच डब्यात न ठेवता काचेच्या बरणीत, ताज्या मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि 3 दिवसांत संपवा.