इंटरलॉकेन, टँगलवूड, एनवायओ की ड्रम कोअर? आधी मुलाचं वाद्य बघा

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत हायस्कूलचं मूल मनापासून वाद्य वाजवतं, तिथे दिवाळीच्या आसपास हा विषय निघतोच. लेक दहावी-अकरावीत आहे, ऑल-स्टेटमध्ये, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या मुलांच्या ऑर्केस्ट्रात, निवड झाली आहे, शाळेच्या ऑर्केस्ट्रात आता तिला फारसं काही नवीन मिळत नाही. मग उन्हाळ्यात कुठे पाठवायचं? बहुतेक आईबाबा नावांपासून सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. आधी वाद्य बघा, मग घरची परिस्थिती, आणि नाव सगळ्यात शेवटी. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीसाठी जे दार सताड उघडं असतं, ते युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य) वाजवणाऱ्या मुलासाठी मुळात नसतंच.

सगळ्यात मोठं नाव न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या नॅशनल युथ ऑर्केस्ट्राचं, म्हणजे एनवायओ-यूएसएचं. हा उपक्रम २०१३ साली सुरू झाला. वय १६ ते १९. मुलं आधी न्यूयॉर्कजवळच्या पर्चेस कॉलेजमध्ये राहून तालमी करतात, अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमधले वादक प्रत्येक सेक्शनला शिकवतात, मग कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम आणि त्यानंतर दौरा. २०१५ साली ही मुलं चीनला गेली होती. लाल पँट, काळं जॅकेट आणि पायात कॉन्व्हर्स अशा वेशात शंभरावर मुलं मंचावर येतात, तेव्हा वाजवायला सुरुवात होण्याआधीच अंगावर काटा येतो. आणि हे सगळं फुकट: राहणं, जेवण, प्रवास, शिकवणी.

मग प्रश्नच कुठे उरला? उरतो, आणि तो आपल्या लोकांसाठी नेमका मोठा आहे. एनवायओसाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेलं मूल कितीही चांगलं वाजवत असलं तरी अर्ज करू शकत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या कितीतरी मराठी घरांना हे फार उशिरा कळतं. तोवर मुलाने ऑडिशनसाठी ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले उतारे महिनोन् महिने घोटून तयार केलेले असतात. ही अट पहिल्याच दिवशी वाचा. मला ती अन्यायाची वाटते, पण आहे ती आहे.

दुसरी गोष्ट जागांची. पूर्ण ऑर्केस्ट्रातही ट्यूबाला एखाद-दुसरीच जागा असते, ओबो-बासूनला मोजक्या. व्हायोलिनला जागा बऱ्याच, पण अर्जही तितकेच. सॅक्सोफोन आणि युफोनियमला ऑर्केस्ट्रात नेहमीची जागाच नसते. सॅक्सोफोनवाल्याला जॅझची ओढ असेल तर २०१८ पासून सुरू असलेला एनवायओ जॅझ बघावा. १४ ते १७ वयासाठी एनवायओ-टू आहे. नववी-दहावीतल्या मुलाने थेट मोठ्या ऑर्केस्ट्रावर डोळा ठेवण्याऐवजी तिथून सुरुवात केलेली मला जास्त शहाणपणाची वाटते.

इंटरलॉकेनचा स्वभाव एकदम निराळा. मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीजवळ, दोन तळ्यांच्या मधल्या झाडीत हे शिबिर आहे. जोसेफ मॅडी यांनी १९२८ साली ते हायस्कूलच्या ऑर्केस्ट्रासाठी सुरू केलं. आज तिथे नाटक, नृत्य, चित्रकला, लेखन सगळं आहे, आणि माझ्या मते तेच त्याचं खरं बळ. तुमच्या मुलाच्या केबिनमध्ये एक जण कविता लिहीत असतो, दुसरा बॅलेचा. ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी वर्ल्ड युथ सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि बॅंडवाल्यांसाठी वर्ल्ड युथ विंड सिम्फनी आहे. सॅक्सोफोन, युफोनियम वाजवणाऱ्यांना इथे मानाची जागा आहे, कोपऱ्यातली नाही. हायस्कूलची मोठी शिबिरं साधारण सहा आठवड्यांची असतात. प्रत्येक आठवड्याला नवं संगीत हातात पडतं आणि थोड्या तालमींत ते उभं करायचं असतं. शाळेत एकच कार्यक्रम तीन महिने घोटणाऱ्या मुलाची सुरुवातीला दमछाक होते. पण नोटेशन बघून लगेच वाजवायची भीती कुठे जात असेल तर ती इथे. उन्हाळ्याचा शेवट दरवर्षी संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या ‘ले प्रेल्यूद’ने होतो, ही परंपरा किती तरी पिढ्यांनी जपली आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. तालमी आणि कार्यक्रम बऱ्याचदा उघड्या मांडवात होतात. तळ्यावरून वारा आला की कागद उडतात, म्हणून स्टँडला लावायला चिमटे पिशवीत हवेतच. लाकडी क्लॅरिनेट-ओबोला ऊन आणि दमट हवा मानवत नाही. जुनं महागडं व्हायोलिन असेल तर आधी शिक्षकांना विचारा, आणि वाद्याचा विमा उतरवून ठेवा.

टँगलवूडच्या बाबतीत नावाचा घोळ होतो, तो आधी सोडवते. मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावाजवळ बॉस्टन सिम्फनी उन्हाळाभर मुक्कामी असते. त्यांचं स्वतःचं टँगलवूड म्युझिक सेंटर हे पुढच्या पायरीवरच्या तरुण कलाकारांसाठी. १९५८ साली मुंबईचे झुबिन मेहता कंडक्टिंग शिकायला आले होते ते तिथे. हायस्कूलच्या मुलांसाठी आहे ती बॉस्टन युनिव्हर्सिटीची टँगलवूड इन्स्टिट्यूट, १९६६ पासूनची. तिच्यात ऑर्केस्ट्रा आणि विंड एन्सेंबल दोन्ही आहेत. हे कार्यक्रम महिनाभर किंवा त्याहूनही जास्त चालतात. एकाच वाद्यावर लक्ष देणारी छोटी वर्कशॉप्स साधारण दोन आठवड्यांची असतात. घरापासून कधीच लांब न राहिलेल्या मुलासाठी पहिल्या उन्हाळ्यात मी तेवढंच सुचवेन.

इंटरलॉकेनमध्ये मूल वाजवून वाजवून शिकतं, टँगलवूडमध्ये ऐकूनही तितकंच शिकतं. हॉर्नचा जो उतारा मुलगा सकाळी घोटतो, तसले उतारे बॉस्टन सिम्फनीचा हॉर्नवादक रात्री हिरवळीपलीकडच्या शेडमध्ये, म्हणजे तिथल्या उघड्या सभागृहात, कसे वाजवतो, हे तो आठवड्यामागून आठवडे ऐकतो. ज्याला कॉन्झर्व्हेटरीतच, म्हणजे संगीताच्या कॉलेजातच, जायचं आहे, त्याने अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात इथे यावं असं मला मनापासून वाटतं, कारण बारावीच्या शरदात प्रवेशासाठीची रेकॉर्डिंग्ज करायची असतात. त्या उन्हाळ्यात तर शिक्षकाची एकेकट्याची शिकवणी मिळायलाच हवी. ती फीमध्ये धरली आहे की वेगळे पैसे पडतात, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारा. दक्षिणेत राहणाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातलं ब्रेव्हार्डही जरूर बघावं. डोंगरातलं, १९३६ पासूनचं, हायस्कूल विभाग मजबूत असलेलं ठिकाण आहे.

राहिला ड्रम कोअर, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणारे आणि उन्हाळाभर गावोगावी स्पर्धा करणारे गट. मार्चिंग बॅंडमध्ये जीव असलेल्या मुलाला वरचं सगळं सांगून उपयोग नसतो, आणि त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. इथे फक्त ब्रास (पितळी वाद्यं), तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारे कलर गार्ड असतात. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला यायचं असेल तर दुसरं वाद्य शिकावं लागतं. दिवसभर उन्हात मैदानावर सराव, रात्री बसचा प्रवास, झोपायला कुठल्या तरी शाळेच्या जिमची फरशी. शेवट ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर. वयोमर्यादा एकवीसच्या घरात असल्याने वरच्या गटांत कॉलेजची मुलं भरपूर, सोळा वर्षांचं मूल त्यांच्यात लहान वाटतं. तिथे मिळणारी शिस्त आणि दमसास दुसरीकडे मिळणार नाही. पण नाजूक स्वर, चेंबर संगीत आणि ऑर्केस्ट्राचे उतारे त्या उन्हाळ्यात मागे पडतात. शिवाय सराव मे महिन्यातच सुरू होतो आणि न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या शाळा जून संपेपर्यंत चालतात. परीक्षांचं काय करणार, हे शाळेशी आधी बोलून घ्या. शाकाहारी जेवणाचंही आधीच सांगा.

एनवायओ सोडलं तर बाकी सगळीकडचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. मदत मिळते, पण तिचा अर्ज बहुधा प्रवेशाच्या अर्जासोबतच भरायचा असतो. ‘निवड झाली की बघू’ म्हणून थांबू नका. आणि भारताची तिकिटं ऑडिशनचे निकाल लागेपर्यंत काढू नका. आजी-आजोबांना वाईट वाटेल, पण सहा आठवड्यांच्या शिबिरातून लग्नासाठी मधेच आठवडाभर बाहेर पडता येत नाही. तुमच्या मुलाच्या शेजारी बसणारं मूल त्याच्याच भरवशावर वाजवत असतं.