कमोडचे खारे डाग काढून देणाऱ्या 'कंपनीवाल्यां'पासून सावध राहा

अमळनेरला आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे संडास-बाथरूमला सगळ्यांकडे बोअरचंच पाणी. आणि ते जड. काळ्या खडकाच्या भेगांमधून झिरपताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. बादलीला पांढरी पुटं चढतात, गिझर लवकर जातो आणि कमोडमध्ये मागच्या बाजूने खाली उतरणारा पिवळट तपकिरी पट्टा तयार होतो. घरात लग्नकार्य निघालं, पाहुणे यायचे असले, की तो पट्टा किती खुपतो हे दारावर येणाऱ्या या लोकांना नेमकं माहीत असतं.

आमच्याकडे ते भर दुपारी आले. मी शाळेत, हे कामावर, घरी फक्त सासूबाई. दोघं जण, गळ्यात ओळखपत्रं, हातात निळे कॅन. "काय मावशी, बरं शे ना?" अशी अहिराणीत सुरुवात केली आणि सासूबाईंनी दार उघडलं. आपल्या बोलीत बोलणाऱ्या माणसाला पाणी विचारायची आपली रीत आहे. तिचाच यांनी फायदा घेतला, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

त्यातल्या एकाने खिशातली छोटी बाटली काढून डागावर थेंब टाकले. फस्सकन फेस आला. मग कापडाने खसाखसा घासून तळहाताएवढी जागा पांढरीशुभ्र करून दाखवली. "बठ्ठं साफ व्हई जाई मावशी, पाच वर्षं डाग येणार नाही, कोटिंग बसतं," असं सांगून पाच लिटरचा कॅन १८०० रुपयांना दिला. पावतीवर नाव-पत्ता नाही, नुसता मोबाइल नंबर. तो त्याच संध्याकाळपासून बंद.

कॅनमधलं पाणी रात्रभर ओतून ठेवलं, ब्रशने घासलं, डाग तसाच. मग मी अंगणातल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर त्याचे थेंब टाकून पाहिले. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, अ‍ॅसिड पडलं की लगेच बुडबुडे येतात. इथे एकही बुडबुडा नाही. कमोडमधला डाग हाही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच थर असतो. तो अ‍ॅसिडनेच विरघळतो, साबणाच्या पाण्याला दाद देत नाही. कॅनमध्ये वास आणि निळा रंग घातलेलं साबणाचं पाणी होतं. अ‍ॅसिड होतं ते फक्त खिशातल्या बाटलीत.

१८०० रुपये गेले ते गेलेच, पण कमोडचंही नुकसान झालं. घासून दाखवलेली जागाच थोड्या आठवड्यांत बाकीच्या भांड्यापेक्षा जास्त पिवळी पडली. बोट फिरवलं तर खरखरीत लागते. ते विसरून गेलेलं कापड बाथरूमच्या कोपऱ्यात सापडलं, आत पॉलिश पेपर शिवलेला! चिनीमातीवरची चकाकी त्याने खरवडली गेली. ती पुन्हा चढत नाही, आणि खरखरीत जागेवर क्षार लवकर धरतो.

नंतर आमच्या प्लंबरभाऊंनी टाकीचं झाकण काढून दाखवलं. फ्लशचं वॉशर झिजलेलं, पाण्याची बारीक धार दिवसरात्र भांड्यात उतरत होती. डागाचा पट्टा बरोबर त्या धारेच्या वाटेवर. वॉशर बदललं नाही तर कितीही साफ करा, पट्टा परत येणारच.

डाग काढायचा तर किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) पुरतं. साधारण १०० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात विरघळवायचं. उकळतं पाणी नको, भांडं तडकू शकतं. टाकीचा कॉक बंद करून भांड्यातलं साचलेलं पाणी मगाने उपसून टाकायचं, नाहीतर द्रावण पातळ होऊन काहीच होत नाही. सुती चिंध्या त्यात भिजवून डागावर आणि वरच्या कडेखाली चिकटवून रात्रभर ठेवायच्या. सकाळी चिंध्या काढून प्लास्टिकच्या ब्रशने घासायचं. जुना थर एका रात्रीत जात नाही, हे परत परत करावं लागतं. ब्लीचिंग पावडरने रंग फिका होतो, थर निघत नाही. आणि अ‍ॅसिडसोबत ती कधीही वापरू नका; दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत, वजन किंवा माप आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या कॅनवर यातलं काहीच नव्हतं. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, पावती आणि कॅनचे फोटो काढून ठेवले आहेत. तुमच्याकडे कुणी असं आलं तर खिशातल्या बाटलीचा प्रयोग बघू नका. विकायच्या कॅनचं सील तुमच्यासमोर तोडायला लावा आणि त्यातलेच थेंब शहाबादीच्या फुटक्या तुकड्यावर टाकायला सांगा. घरी एकट्या असणाऱ्या आई-सासूबाईंनाही हे आजच सांगून ठेवा.