पीएनआर होता, तिकीट नव्हतं

लेसोथो हा चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. तिथला मलेत्सुन्याने हा १९२ मीटर उंचीचा धबधबा एका व्हिडिओत पाहून जाऊबाईंनी हट्ट धरला आणि आम्ही चौघांनी जूनचा बेत ठरवला. बाकीचे टूरवाले क्रुगर-केपटाउनचीच पत्रकं पुढे करत होते. ठाण्यातला एक एजंट मात्र म्हणाला, "वहिनी, लेसोथो माझ्यावर सोडा."

पैसे मिळताच त्याने पीएनआर पाठवला. विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, मुंबई-जोहान्सबर्गला आमची नावं होती. धबधब्याजवळच्या सेमोनकाँग गावातल्या लॉजला भाऊजींनी मेल केला, तर बुकिंग असल्याचं उत्तर आलं. आता यापुढे माणूस आणखी काय तपासणार?

मेख इथेच आहे. पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण, पूर्ण पैसे न भरताही ते काही काळ धरून ठेवता येतं. तिकीट खरोखर निघालं की १३ आकडी ई-तिकीट क्रमांक येतो. आमच्या कागदावर त्या रकान्यात पुन्हा पीएनआरच छापलेला होता! लॉजही फुकट रद्द करता येईल अशा दराने घेतलेलं. आमची खात्री पटेपर्यंत ठेवलं आणि मुदतीच्या आत रद्द करून टाकलं.

बिंग फुटलं व्हिसामुळे. अर्जाच्या मसुद्यात एकदाच प्रवेश मागितला होता. लेसोथोतून जोहान्सबर्गला परतायचं म्हणजे दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्यांदा शिरणं, त्याला मल्टिपल एन्ट्री व्हिसा लागतो. भाऊजींनी विचारलं तर एजंटसाहेब "बघून सांगतो" म्हणाले आणि नंतर फोन उचलेनात. त्याच संध्याकाळी पीएनआर टाकला, तर साइटवर काहीच नाही.

मग त्याचा कार्यक्रम नीट वाचला. 'सानी पास, साध्या कारने.' दक्षिण आफ्रिकेतून लेसोथोत चढणारा तो घाट २,८७६ मीटरवर पोहोचतो आणि दक्षिण आफ्रिकेच्या नाक्यावरून फोर-बाय-फोर गाडीशिवाय वर सोडतच नाहीत. 'हलके कपडे पुरतील.' जूनमध्ये तिथे ऐन हिवाळा, डोंगरांवर बर्फ पडतो. शिवाय 'मलोटी', म्हणजे लेसोथोचं चलन (एकवचनी लोटी), 'मिळवून देण्याचे' म्हणून १८,००० रुपये वेगळे. लोटीचा दर दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेला आहे आणि तिथे रँड सर्रास चालतो. उलट दक्षिण आफ्रिकेत मलोटी कुणी घेत नाही. म्हणजे हा गृहस्थ लेसोथो नकाशावर तरी बघून आला होता की नाही, कोण जाणे.

पैसे त्याने कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या बायकोच्या खात्यात घेतले होते, "जीएसटीची कटकट नको" म्हणून. परदेशी पॅकेजवरचा तेव्हाचा ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, मात्र न विसरता वसूल केला. आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये त्यातला एक रुपयाही दिसत नाही. तुमच्या एजंटाने टीसीएस घेतला असेल तर आपल्या पॅनवर तो जमा झालाय का, हे आयकराच्या पोर्टलवर घरबसल्या दिसतं. एजंट तिमाहीचं विवरण भरेपर्यंत थोडा वेळ जातो, तेवढी सवलत द्या.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्या खात्यात उरलेली किरकोळ रक्कम गोठवली गेली, बाकीची आधीच दुसरीकडे वळती झाली होती. पोलिस ठाण्यात "हा दिवाणी मामला" असं ऐकून घेतलं, तरी लेखी अर्जावर पोच शिक्का मारून घेतला. ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली आहे. पीएनआरचे स्क्रीनशॉट, लॉजचे दोन्ही मेल आणि बँकेचा उतारा जोडलाय. पुढची तारीख पडली आहे.