हायवेला स्टेअरिंग थरथरतंय म्हणून सस्पेन्शनचं काम काढलं असेल, तर आधी हे वाचा

गाडी नव्वदच्या वर गेली की स्टेअरिंग थरथरतं, एवढ्या एका तक्रारीवर एका गॅरेजने माझ्याकडून २८,४०० रुपये घेतले. एस्टिमेटमध्ये लावलेल्या पार्टपैकी काही बदललेच नव्हते आणि जे बदलले ते आधी ठणठणीत होते. पैशांचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग याचा येतो की ज्या टायरमुळे हे सगळं होत होतं, तो पुढचा डावा टायर त्यांनी गाडीला तसाच ठेवला आणि चावी देताना म्हणाले, "आता बिनधास्त पळवा, मॅडम." मी पळवली. समृद्धीवर, शेजारी आई आणि मागे मुलगी बसलेली असताना.

मी छत्रपती संभाजीनगरला राहते, माहेर नागपूर. सावंगीला समृद्धीवर चढलं की सरळ नागपूर, त्यामुळे आमचं जाणं-येणं वाढलंय. शहरात जालना रोडवर गाडी चाळीस-पन्नासच्या पुढे जातच नाही, तिथे अशी खोड कळत नाही. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि तिथे गाडीचं सगळं खरं-खोटं बाहेर येतं. नागपूरहून परतताना नव्वदला हाताला बारीक थरथर जाणवायला लागली, शंभरला कपहोल्डरमधली बाटली वाजायला लागली. ब्रेक दाबला तरी त्यात फरक पडत नव्हता. गाडी डावी-उजवीकडे ओढत नव्हती. थरथर स्टेअरिंगला होती, सीटला नव्हती.

हे सगळं मी गॅरेजवाल्याला असंच्या असं सांगितलं होतं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. मोठं, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं गॅरेज, काचेची केबिन, बसायला सोफा. जॉब कार्डवर सल्लागाराने लिहिलं, "सस्पेन्शन चेक." म्हणजे चाकं धरून ठेवणारे आणि धक्के झेलणारे पार्ट तपासा. गाडी चालवून कोणीही बघितली नाही. थेट लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं.

गॅरेजच्या पोरानं लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशमध्ये, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरात, टॉमी (पहार) घातली आणि जोर लावून वर-खाली केली. आर्म हलला. "बघा, किती प्ले आलाय." प्ले म्हणजे ढिलेपणा. मग चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, कुठूनतरी 'टक' आवाज आला. "टाय रॉड एंड गेलेत. शॉकअपपण बसलेत. यांच्यामुळेच स्टेअरिंग वॉबल होतंय." (टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, शॉकअप म्हणजे धक्के शोषणारं नळकांडं.) मी विचारलं, मग खड्ड्यातून जाताना आवाज का येत नाही? त्यावर सल्लागार म्हणाला, "मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. सर आले असते तर त्यांना पटकन समजलं असतं."

टॉमीचा हा खेळ नीट समजून घ्या, कारण तो सर्रास चालतो. बुश रबराचं असतं. हाताएवढ्या लांब लोखंडी टॉमीने रेटलं तर नव्या गाडीचं बुशही हलतं, हलायलाच पाहिजे, त्यासाठीच तिथे रबर आहे. बघायचं असतं ते रबर फाटलंय का, लोखंडापासून सुटलंय का. बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा गोल सांधा) बघताना त्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का. शॉकअप गेला असेल तर त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं आणि गाडी उंचवट्यावरून गेल्यावर डोलत राहते. यातलं काहीही मला दाखवलं नव्हतं. लिफ्टवर लटकलेलं चाक आणि अंगाचा जोर, एवढंच.

एस्टिमेटमध्ये आलं ते असं: दोन लोअर आर्म, दोन टाय रॉड एंड, दोन लिंक रॉड, पुढचे दोन शॉकअप, अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं), चारही चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आणि मजुरी. जुने पार्ट मागितले तर म्हणाले, स्क्रॅपवाला सकाळीच घेऊन गेला. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाले, मग वर टॅक्स लागेल. हातात दिला तो नुसता एस्टिमेटचा कागद. सुदैवाने पैसे यूपीआयने गेले होते आणि एस्टिमेट व्हॉट्सअॅपवर आलं होतं.

मग आईला घेऊन शिर्डीला निघालो. वैजापूरच्या अलीकडे शंभरला तीच थरथर, पहिल्यापेक्षा जास्त. मी गाडी सत्तरवर आणली आणि शिर्डीपर्यंत डाव्या लेननेच नेली. परत आल्यावर गॅरेजमध्ये गेले. ऐकून घ्यायच्या आतच उत्तर तयार होतं: "मग स्टेअरिंग रॅकच गेलंय. पस्तीस हजारांच्या आसपास जाईल." (रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग.) तिथून मी गाडी काढली.

बीड बायपासला एक टायरवाले चाचा आहेत. टपरीवजा दुकान, एक बॅलन्सिंग मशीन, एक कॉम्प्रेसर. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही, आधी मला विचारलं. ब्रेक मारल्यावर वाढतं का? स्टेअरिंगला येतं की बैठकीला? अॅक्सिलरेटर सोडला तर थांबतं का? आणि शेवटी, "वीस-तीसच्या स्पीडला, सरळ रस्त्यावर, स्टेअरिंग हळूच डावं-उजवं डोलतं का?" हा शेवटचा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. डोलत होतं. सोसायटीच्या गेटपाशी रोज जाणवायचं.

चाचांनी स्वतः बायपासला एक चक्कर मारली, परत येऊन पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं. टायरच्या समोर एक स्क्रूड्रायव्हर जमिनीवर टेकवून घट्ट धरला, टोक रबरापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवलं. जवळजवळ पूर्ण फेरा टोक मोकळं राहिलं. मग एका जागी रबर पुढे आलं आणि टोकाला घासलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. खडूने खूण केली आणि म्हणाले, "हात फिरवून बघ बेटा, गाठ लागेल." लागली. चार बोटं रुंद उंचवटा, दाबला तर आत पोकळ वाटावा असा. फुगलेल्या पोळीचे पदर सुटतात तसे आतल्या स्टीलच्या पट्ट्यांचे थर एकमेकांपासून सुटले होते. टायरची नक्षी चांगली शिल्लक होती. कायद्याने लागते ती किमान खोली १.६ मिलिमीटर, माझ्या टायरची त्याच्या कितीतरी वर होती. म्हणून वरवर बघणाऱ्याला टायर चांगलाच वाटणार. बाजूला तारखेचे चार अंक होते, ३४१९, म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. गाडीबरोबर आलेले मूळ टायर.

असा टायर काँक्रीटच्या रस्त्यावर, उन्हात, भरल्या गाडीखाली तासन् तास १०० च्या वर फिरला की गरम होतो, सुटलेले थर आणखी सुटत जातात आणि एका क्षणी वरची नक्षीची पट्टी उचकटून येते किंवा टायर फुटतो. आम्ही त्याच्यावर शिर्डीला जाऊन आलो होतो.

थरथरीचं गणित चाचांच्या दुकानात बसून मी मोबाइलवर करून बघितलं. माझ्या टायरचं माप १८५/६५ आर १५. घेर जेमतेम १.९५ मीटर, म्हणजे १०० च्या वेगाला चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. रिमच्या कडेला वजनात फक्त ३० ग्रॅमचा फरक असला, तर त्या वेगाला चाकाला बसणारी ओढ साडेचार किलोच्या आसपास जाते, आणि तीही दर सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलत. चाळीसच्या वेगाला तीच ओढ पाऊण किलोही नसते, कारण वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणूनच बॅलन्सिंग बिघडलं की शहरात पत्ता लागत नाही आणि ऐंशी-नव्वदला एकदम सुरू होतं. रिमला चिकटवलेलं वजन निघून पडणं, सर्व्हिसिंगच्या पाण्याच्या मार्‍याने उडणं, पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसणं, खड्ड्यात आपटून रिमची आतली कड वाकणं, सगळ्यांची लक्षणं हीच. आतली कड बाहेरून दिसत नाही, चाक काढूनच बघावं लागतं.

बाकीच्या लक्षणांवरून दोष कुठे शोधायचा तेही बरंचसं ठरलेलं आहे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर पुढच्या ब्रेक डिस्क असमान झिजल्याचा संशय घ्यायचा. जोरात रेस दिल्यावर येते आणि पाय काढल्यावर जाते, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) आतला जॉइंट बघायचा. सीटखालून येत असेल तर मागची चाकं. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर एकीकडून झिजतो. थरथरीचा इलाज म्हणून नुसती अलाइनमेंट करून देणाऱ्यावर माझा आता विश्वास नाही. सैल टाय रॉड किंवा बॉल जॉइंट असलेली थरथर वाढवतात आणि ते खरंच सैल असतील तर बदलायलाच हवेत, पण चाक आणि टायर तपासायच्या आधी त्यांना हात घालायचं काही कारण नाही.

सगळ्यात स्वस्त तपासणी तर टायरवाला अर्ध्या तासात करून देतो: पुढची चाकं मागे आणि मागची पुढे, त्याच त्याच बाजूला. मग पुन्हा हायवेला जायचं. थरथर स्टेअरिंगवरून सीटकडे गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्येच आहे, सस्पेन्शनचा प्रश्न संपला. टायर फुगलेला नाही हे हाताने चाचपून झाल्यावरच मात्र हे करायचं.

आता गॅरेजच्या प्रामाणिकपणाबद्दल. टायर बघताना चाचांनी मला खाली वाकायला सांगितलं. एस्टिमेटमधले दोन 'नवे' लोअर आर्म काळे कुळकुळीत चमकत होते. चाचांनी नखाने एका जागी खरवडलं, रंगाची खपली निघाली आणि खाली जुना गंज. रंगाचे फवारे बोल्टच्या आट्यांवर आणि शेजारच्या ब्रेक पाइपवरही उडाले होते. आर्मच्या वरच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे, पावसाळ्यातला चिखल तसाच वाळलेला. बॉल जॉइंटच्या बुटाला बारीक भेगा. बोल्टच्या डोक्यावर पाना लागल्याची एक खूण नाही. पार्ट बदललेले नव्हते, धुऊन रंगवले होते. शॉकअप आणि टाय रॉड एंड मात्र खरोखर नवे होते.

मग चाक मशीनवर चढवलं. रिमवरची वजनं जुनीच, त्यांच्यावर धूळ बसलेली, नवं एकही नाही. पहिल्या फिरकीला आतल्या बाजूला ५५ ग्रॅमचा फरक दाखवला, आणि टायरची गाठ फिरताना नुसत्या डोळ्यांना उड्या मारताना दिसत होती. हे चाक त्या गॅरेजमध्ये मशीनवर चढलं असतं, तर समोर उभ्या माणसाला ते दिसलंच असतं. म्हणजे एकतर बॅलन्सिंग केलंच नाही आणि पैसे घेतले, किंवा बघून गप्प बसले. दुसरी शक्यता मला जास्त भयानक वाटते.

बॅलन्सिंगच्या वेळी मी आता मशीनशेजारीच उभी राहते. रिमचा व्यास, रुंदी आणि अंतर मशीनमध्ये नीट भरलेत का ते बघते, कारण हे आकडे चुकीचे तर उत्तरही चुकीचं. वजनं लावल्यावर पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलं पाहिजे. शंका आली तर चाक ढिलं करून अर्धा फेरा वळवून परत बसवायला सांगते. आकडा फार बदलला तर चाक मशीनवरच वाकडं बसलंय. वजनाचे पैसे ग्रॅमवर लावतात, तेव्हा आकडा मोठा दाखवण्यात कोणाचा फायदा आहे हे वेगळं सांगायला नको.

चारही टायर एकाच वयाचे होते, म्हणून चारही बदलले. एकवीस हजारांत काम झालं. त्याच संध्याकाळी सावंगीहून जालन्यापर्यंत गेले, १२० ला स्टेअरिंग स्थिर. चाचांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. जुना डावा टायर मी दुकानात सोडला नाही, तो पुरावा आहे.

गाडी गॅरेजला टाकताना जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: किती वेगाला, ब्रेक दाबून की न दाबता, स्टेअरिंगला की सीटला. "सस्पेन्शन चेक" असं त्यांच्या शब्दांत लिहू देऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून हायवेवर चक्कर मारल्याशिवाय एस्टिमेट मान्य करू नका. काम सुरू व्हायच्या आधी बदलायच्या पार्टवर पेंट मार्करने खूण करून फोटो काढा, आणि जुने पार्ट आपल्या डिकीत ठेवायला सांगा. ज्याने खरंच बदललेत त्याला यात काहीच अडचण नसते. आणि बाईमाणूस बघून "घरच्या जेंट्सना पाठवा" असं कोणी म्हणालं, तर तिथून गाडी काढाच.

बिलाच्या बाबतीत: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मी आधी तिथे तक्रार नोंदवली, मग आर्मचे, बुटांचे, धूळ बसलेल्या वजनांचे फोटो, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं एस्टिमेट आणि चाचांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद जोडून गॅरेजला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकील सक्तीचा नाही.

नोटीस पोचल्यावर गॅरेजच्या मालकांचा फोन आला. दोन लोअर आर्म आणि बॅलन्सिंगचे पैसे परत करायला ते तयार आहेत, पण 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं लिहून द्या म्हणतात. टायरबद्दल त्यांच्याकडे एक शब्द नाही. मी लिहून दिलेलं नाही. आयोगात तक्रार दाखल केली आहे, आणि त्यात पैशांच्या मागणीच्या वर पहिला मुद्दा टायरचाच आहे.